सगळे वॉकर एकाच व्हायकिंग घराण्यातले असू शकतात का?

तुमच्या ऑफिसातल्या यॉर्कशायरच्या वॉकरसाहेबांनी डीएनए टेस्ट केली, त्यात ‘आय१’ (बापाकडून मुलाकडे येणाऱ्या वाय गुणसूत्राचं एक कूळ) असा निकाल आला, आणि तेव्हापासून ते सांगताहेत की जगातले झाडून सगळे वॉकर एकाच व्हायकिंग सरदाराचे वंशज. सरदार पायदळ घेऊन चालत आला म्हणून नाव वॉकर. यात तथ्य किती, असा तुमचा प्रश्न आहे.

सरदार नाही, एक घराणं नाही, आणि चालत येण्याशीही संबंध नाही. बाकी यॉर्कशायर तेवढं बरोबर आहे.

मी लोकरीच्या कापडाच्या फिनिशिंगमध्ये काम करतो. शिकलो इचलकरंजीत, नोकरी पश्चिम यॉर्कशायरमध्ये. त्यामुळे हे आडनाव मला आधी धंद्यातून माहीत झालं, वंशावळीचा नाद नंतर लागला.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असतं. दोन सुतांमधून पलीकडचं दिसतं. त्याचा कोट शिवला तर वारा आरपार जाईल. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कापड कोमट, ओलं आणि अल्कलीत भिजलेलं असताना त्याला सतत दाबत राहिलं की हे खवले एकमेकांत अडकत जातात, तंतू परत मागे सरकत नाहीत आणि कापड आटतं. लांबी-रुंदी तिसऱ्या हिश्श्यानं घटली तरी त्यात नवल नाही. वीण दिसेनाशी होते आणि हाताला घट्ट, मऊ, जाडसर कापड लागतं. आज हे काम मशीन करतं आणि आम्ही त्याला ‘मिलिंग’ म्हणतो. मशीन सुरू असताना थोड्या थोड्या वेळानं रुंदी मोजत राहावं लागतं, कारण एकदा जास्त आटलेलं कापड पुन्हा सैल होत नाही.

मध्ययुगात हेच काम माणसाच्या पायांनी व्हायचं. हौदात कापड, त्यावर शिळं मूत्र, आणि त्यात उभा राहून तासन्‌तास तुडवणारा माणूस. मूत्र शिळं झालं की अमोनिया तयार होतो, तो तेलकटपणा काढतो. त्यासाठी घरोघरचं मूत्र पिंपांत साठवून गोळा केलं जायचं. नंतर मुलतानी माती. हो, आपल्याकडे चेहऱ्याला लावतात तीच. इंग्रजीत तिचं नावच मुळी ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे या कापड तुडवणाऱ्यांची माती.

तो हौदातला माणूस म्हणजे वॉकर. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ लोळवणं, घुसळणं असा होता. पायी चालण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. या कारागिराला देशभर एकच नाव नव्हतं. उत्तरेत आणि पश्चिम मिडलंड्समध्ये तो वॉकर, आग्नेयेला ससेक्स, केंट, एसेक्सकडे फुलर, आणि नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेटमध्ये टकर. १८८१च्या जनगणनेवरून काढलेले नकाशे पाहिले तर कारखाने, रेल्वे, शहरं एवढी उलथापालथ होऊनही ही तीन आडनावं बरीचशी आपापल्या मुलखात दिसतात. डेव्हनमधल्या एक्सेटरमध्ये विणकर आणि टकरांच्या गिल्डचं, म्हणजे कारागीर संघाचं, १४७१ सालचं सभागृह अजून उभं आहे, त्याचं नाव टकर्स हॉल. कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गाव आहे. वेल्समधल्या टोनीपँडीतल्या ‘पँडी’चा अर्थही कापड तुडवायची गिरणी असाच. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘फुलरचा मुलगा’ अशा अर्थाचं आडनाव होतं, त्या घरांनी इंग्रजी कागदांत पुढे वॉकर असंच लिहायला सुरुवात केली. म्हणजे साहेबांच्या ‘एका घराण्यात’ गेलिक बोलणारेही आले.

गंमत अशी की आडनावं पक्की होण्याच्या आधीच पायांचं काम संपत आलं होतं. यॉर्कशायरमध्ये लीड्सजवळ न्यूसम इथे टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या जमिनीवर पाणचक्कीवर चालणारी अशी गिरणी होती, तिची नोंद ११८५ सालची आहे. पाण्याच्या जोरावर लाकडी हातोडे कापड कुटायचे आणि वॉकर बाजूला उभा राहून ते फिरवायचा. नाव मात्र तेच राहिलं. कुटून झालेलं कापड मग उघड्यावर लांबलचक चौकटींवर आकड्यांना ताणून वाळवत. त्या चौकटीला म्हणायचे ‘टेंटर’. इचलकरंजीतल्या कुठल्याही प्रोसेस हाउसमध्ये जाऊन विचारा, कापड दोन्ही काठांनी पिनांवर धरून ताणत वाळवणाऱ्या मशीनला तिथे आजही ‘स्टेंटर’च म्हणतात. तो हाच.

आता व्हायकिंगांकडे. यॉर्कचं व्हायकिंग राज्य ९५४ साली संपलं. त्या लोकांना वंशपरंपरागत आडनावं नव्हतीच. इंग्लंडमध्ये बापाचं आडनाव मुलानं लावायची पद्धत १०६६नंतर नॉर्मन जमीनदारांबरोबर आली आणि सामान्य माणसांत साधारण १२०० ते १४०० या काळात झिरपली. उत्तरेत तर बरीच उशिरा. वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या, १३७९ सालच्या डोईपट्टीच्या याद्या शाबूत आहेत. त्यांत साध्या माणसाला चार पेन्स पट्टी, कारागीर असेल तर बहुधा सहा, आणि कारागिरांच्या नावापुढे अनेकदा धंदाही लिहिलेला असतो. यादी वाचताना आडनाव एक आणि धंदा भलताच असा माणूस भेटला की समजायचं, या घरात आडनाव आता नुसतं आडनाव उरलं आहे. व्हायकिंग राजा आणि ही यादी यांत सव्वाचारशे वर्षांचं अंतर आहे.

आणि वॉकर हे नाव एकाच ठिकाणी पडलं असं समजायला काहीच जागा नाही. जिथे मेंढ्या, ओढा आणि माग, तिथे एखादा वॉकर असणारच. म्हणजे एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या शेकडो माणसांना हे नाव वेगवेगळं मिळालं. कुलकर्णी, देशमुख ही नावं माहीत असलेल्या आपल्याला हे जास्त समजावून सांगायला नको. शिवाय न्यूकॅसलला वॉकर नावाची वस्ती आहे. तिचं नाव रोमन भिंत आणि दलदल यांवरून पडलेलं, कापडाशी संबंध शून्य. काही वॉकर तिथलेही असू शकतात.

हे सगळं कागदावरून झालं. डीएनएनं ते तपासता येतं, कारण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, आणि इंग्रजी आडनावही त्याच वाटेनं जातं. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी यावर मोठं काम केलं. २००६ साली त्यांनी सारख्या आडनावाच्या, पण आपसांत नातं माहीत नसलेल्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या. सुमारे २४ टक्के जोड्यांत अलीकडच्या समान पूर्वजाची खूण सापडली. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी ही शक्यता वाढत गेली. विरळ आडनावांत ती जवळपास निम्म्यावर पोचली. २००९च्या अभ्यासात ४० आडनावांचे १,६७८ पुरुष होते. ॲटनबरो हे नाव नॉटिंगहमशायरमधल्या एका गावावरून पडलेलं. त्या आडनावाच्या ८७ टक्के पुरुषांचं वाय गुणसूत्र एकाच कुळातलं निघालं. स्मिथ मात्र रस्त्यावरून कोणतेही पुरुष उचलून आणावेत इतके विखुरलेले. लोहार गावोगाव होते, त्यामुळे दुसरं काही निघणं कठीणच होतं. इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या आडनावांच्या यादीत वॉकर बराच वर आहे, म्हणून त्याचं चित्र स्मिथच्या जवळ जाणारं, ॲटनबरोच्या नाही.

विरळ आडनावांतही काय काय निघतं याचा माझा आवडता नमुना याच गटाचा, २००७ सालचा. यॉर्कशायरच्या एका दुर्मीळ आडनावाच्या, दिसायला शंभर टक्के इंग्रज असलेल्या माणसात ‘ए१’ हे वाय कूळ सापडलं. तोवर हे कूळ जवळपास फक्त पश्चिम आफ्रिकेतच माहीत होतं. मग त्याच आडनावाचे आणखी पुरुष शोधले, एकूण १८ जणांपैकी सात जणांकडे तेच. त्यांच्या दोन स्वतंत्र वंशावळी १७८०च्या दशकातल्या यॉर्कशायरपर्यंत मागे जातात. म्हणजे निदान त्याच्याही आधी एक आफ्रिकी वंशाचा पुरुष त्या घराच्या मुळाशी होता, आणि वंशजांना त्याचा पत्ताच नव्हता.

साहेबांच्या ‘आय१’चं म्हणाल तर हे कूळ स्कँडिनेव्हियात भरपूर आहे हे खरं. पण ते उत्तर जर्मनीत आणि डेन्मार्कमध्येही आहे, आणि तिथूनच अँग्लो-सॅक्सन लोक व्हायकिंगांच्या काही शतकं आधी आले. नुसत्या ‘आय१’ या अक्षरावरून या दोघांतला कोण, हे ओळखता येत नाही. या कुळाचा समान पूर्वज चार-पाच हजार वर्षांपूर्वीचा आहे. आडनाव जेमतेम सातशे वर्षांचं. चार हजार वर्षांपूर्वीचा पणजोबा सारखा निघाला तर त्यानं आडनावाविषयी काय सिद्ध होणार? इंग्लंडमधल्या निम्म्याहून अधिक पुरुषांचं कूळ ‘आर१बी’ आहे, तसे वॉकरही पुष्कळ असणार. त्यांना साहेब घराण्यातून काढून टाकणार का?

शिवाय साखळी तुटते. दत्तक, लग्नाबाहेरचं मूल, विधवेनं दुसरं लग्न केल्यावर मुलांनी सावत्र बापाचं नाव लावणं. युरोपातल्या अभ्यासांत हे प्रमाण पिढीला एक-दोन टक्क्यांच्या आसपास येतं. दीड टक्का धरला तरी पंचवीस पिढ्यांत जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या शाखांत आडनाव एकाचं आणि वाय गुणसूत्र दुसऱ्याचं असं होणार.

अमेरिकेतले वॉकर तर वेगळंच प्रकरण आहे. तिथे कृष्णवर्णीयांमध्ये हे आडनाव भरपूर आहे. गुलामगिरीच्या काळात आणि नंतर मुक्तीच्या वेळी ही नावं मिळाली किंवा घेतली गेली, त्यांचा यॉर्कशायरच्या हौदाशी रक्ताचा संबंध असायलाच हवा असं नाही. पण काही घरांत तो असतोही, आणि त्यामागची कथा सुखाची नाही: आफ्रिकन-अमेरिकन पुरुषांपैकी सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याचं वाय गुणसूत्र युरोपीय निघतं, ते बहुतांशी गोऱ्या मालकांनी गुलाम स्त्रियांवर केलेल्या जबरदस्तीतून आलेलं.

साहेबांना खरोखर शोध घ्यायचा असेल तर त्यांना आधी कागद बघायला सांगा. १८३७पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे, आणि १५३८पासून चर्चची रजिस्टरं, अर्थात सगळ्या पॅरिशची (एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांची) तेवढी जुनी टिकलेली नाहीत. यॉर्कशायरची जुनी मृत्युपत्रं यॉर्कच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूट या दप्तरखान्यात आहेत. त्यांतून आपला सर्वांत जुना वॉकर कोणत्या पॅरिशचा ते नक्की करायचं. मग त्याच पॅरिशमधून निघालेला, पण वेगळ्या शाखेचा दुसरा वॉकर गाठायचा आणि दोघांनी किमान ३७ मार्करची (वाय गुणसूत्रावरच्या ताडून बघायच्या खुणांची) वाय चाचणी करायची. एक-दोन मार्करचा फरक आला तर नातं बहुधा खरं. दहा-बाराचा आला तर एकाच ओढ्याकाठी दोन हौद होते असं समजून दोघांनी हात मिळवावेत. फक्त कुळाचं अक्षर सांगणारी, किंवा टक्केवारीचा रंगीत नकाशा देणारी चाचणी या कामाला उपयोगाची नाही. आणि वॉकर घराण्याची ढाल छापलेला कॉफीमग विकत घेऊ नये: इंग्लंडमध्ये कुलचिन्ह ठरावीक व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला मिळत नाही.