‘इन’ म्हणजे नेहमीच नकार का?

प्रश्न : जळगावकडे जाताना महामार्गावरील एका टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले दिसले. ‘इन’ नकारार्थी असल्याने आतील पदार्थ पेट न घेणारा समजावा का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : तसे मुळीच समजू नये, ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे सहज पेट घेणारा, अर्थात ‘फ्लेमेबल’च. हा शब्द पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला असून त्यातील ‘इन’ नकाराचा नव्हे, तर ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग आहे. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणून विसाव्या शतकात धोक्याच्या सूचनांसाठी ‘फ्लेमेबल’ हा शब्द जाणीवपूर्वक रूढ करण्यात आला; न पेटणारा पदार्थ तो ‘नॉनफ्लेमेबल’. कापसाच्या गंजी आणि जिनिंगचे कारखाने असलेल्या आपल्या खानदेशात अशी सूचना ‘ज्वालाग्राही’ या मराठी शब्दातही ठळकपणे लिहिलेली असावी, असे आम्हांला मनापासून वाटते.

‘इनव्हॅल्युएबल’मधील ‘इन’ मात्र खरोखर नकाराचा आहे, तरीही अर्थ ‘कवडीमोल’ होत नाही. ज्याचे मोल करताच येत नाही ते, म्हणजे आपले ‘अमूल्य’. तसेच ‘डिसइंटरेस्टेड’ पंच हवा असतो, कारण तो निःपक्षपाती असतो. खेळात रसच नसलेला, तो ‘अनइंटरेस्टेड’.