‘केस मिटली’ म्हणजे नक्की काय झालं, ते आधी बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. 2019 ची गल्लीतली मारामारी, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं 323, 504, 506 (मारहाण, अपमान, धमकी). लोक अदालतीच्या दिवशी "केस मिटली". आता सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतल्या कंत्राटदाराला गेटपाससाठी चारित्र्य पडताळणी हवी, आणि तुमच्या अर्जावर "गुन्हा दाखल" असा शेरा आला. माझंही गाडं इथंच रुतलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, शेवटी तुमच्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

ऑनलाइन अर्ज कसा भरायचा ते तुम्हाला येतंच. खरा घोळ "मिटली" या शब्दात आहे. फिर्यादीशी रीतसर तडजोड होऊन कोर्टाने ती मान्य केली असेल, तर कायद्याने ती निर्दोष मुक्तताच. साक्षीपुरावा होऊन सुटला असाल तर उत्तमच. पण "कबूल करा, दंड भरा, तारखा बंद" असं कुणी सांगितलं आणि तुम्ही सही केली असेल, तर तुम्ही कोर्टात दोषी ठरलात. दंडाची पावती जपून ठेवून "माझी केस संपली" म्हणणारी कितीतरी पोरं असतात. ती पावती शिक्षेची असते.

मला सगळ्यात महाग पडली ती हीच चूक. कारखान्यातल्या माणसाला तारखेचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, म्हणून तो पटकन हो म्हणतो. ज्या कार्यालयाचं काम समजावून सांगण्याचं, तिथूनही फक्त "इथं सही करा" एवढंच ऐकू येतं. याचा मला आजही राग आहे. एकदा कबुली दिली की दोषी ठरवण्याविरुद्ध अपील चालत नाही, फार तर शिक्षेबद्दल दाद मागता येते. आणि अमुक वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाईल अशी सोय सज्ञान माणसासाठी आपल्याकडे नाही. घटनेच्या वेळी वय 18 च्या आत असेल तर बाल न्याय कायद्याचं संरक्षण आहे, ते वकिलाला आवर्जून विचारा.

ज्यांची केस अजून चालू आहे त्यांनीही ऐका. ही तिन्ही कलमं तडजोडीची आहेत. फिर्यादीला तयार करा, दोघांच्या सह्यांची तडजोड पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) द्या. तो तयारच नसेल आणि पुरावा जड असेल, तर शिक्षा सुनावण्याआधी वकिलाला 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याचा लाभ, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, मागायला सांगा. त्याच्या कलम 12 मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता लागत नाही. निकालानंतर आठवण झाली तर ते अपिलातच मागावं लागतं.

तुमचं तडजोडीत सुटलं असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागातून आदेशाच्या तीन सही-शिक्क्याच्या प्रती काढा. पुरसीशीचा मोबाईलमधला फोटो चालत नाही. एक प्रत पोलीस ठाण्यात द्यायची, पण तुम्ही राहता तिथल्या नव्हे, गुन्हा नोंदला त्या ठाण्यात. शहर आयुक्तालय आणि ग्रामीण यांच्या हद्दी वेगळ्या, त्यात बरेच जण चुकतात. कोर्टाच्या आदेशावर कोर्टाचा केस नंबर (आर.सी.सी. वगैरे) असतो आणि ठाण्याचं रजिस्टर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) वर चालतं. आदेशात गु.र.नं. नसेल तर दोषारोपपत्राचं पहिलं पान जोडा, नाहीतर कागद जुळतच नाही. दोन ओळींचा अर्ज, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मग ठाण्यात गोपनीयचं, म्हणजे चारित्र्य पडताळणीचं, काम बघणाऱ्या पोलिसाला भेटा, आवाज न चढवता. महिनाभरात हालचाल नाही, तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाकून "माझ्या गुन्ह्याची सध्याची नोंद काय" एवढंच विचारा. नोंद सुधारली की पडताळणीचा अर्ज नव्याने करा.

फॉर्मबद्दल माझं मत ठाम आहे. प्रश्न शब्दशः वाचा. "केस प्रलंबित आहे का" आणि "कधी गुन्हा दाखल झाला होता का" हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला तुम्ही खरोखर "नाही" म्हणू शकता, दुसऱ्याला नाही. तिथं "होय, निर्दोष मुक्त, आदेश सोबत" असं लिहा. अवतार सिंग प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ गुन्हा लपवला असेल तर मालक आपल्या अखत्यारीत त्याकडे दुर्लक्ष करू शकतो असं म्हटलं खरं, पण त्या भरवशावर खोटं लिहू नका. लपवलेलं सापडलं की नोकरी जाण्याचं कारण तेच होतं.

तोवर हात रिकामे ठेवू नका. अक्कलकोट रोडकडचे टॉवेल-चादरीचे कारखाने आणि शहरातले युनिफॉर्म शिवणारे गारमेंटवाले कामाचा हात बघतात, पडताळणी सहसा मागत नाहीत. मात्र पीएफ आणि ईएसआय लागेल असंच काम धरा, पुढच्या मालकाला दाखवायला ती नोंद फार उपयोगी पडते. केस आहे म्हणून दर कमी घेऊ नका. सिक्युरिटी गार्डच्या मागे लागू नका, दोषी ठरलेल्याला तिथं कायद्यानेच अडतं. आणि "क्लिअर सर्टिफिकेट काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

वकिलाची फी जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. पण त्याआधी आदेशाचं शेवटचं पान उघडा. "निर्दोष मुक्त" लिहिलंय की "दोषी ठरविण्यात येते", ते नाव आणि केस नंबर झाकून कळवा, मग पुढचं नेमकं सांगता येईल.