क्षेत्रापेक्षा काम पाहा

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणत्या क्षेत्रात नोकऱ्या वाढतील, असे तुम्ही विचारता. माझ्या मते क्षेत्रापेक्षा त्यातील कामे सुटी करून पाहावीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्टांचे (एक्स-रे, स्कॅन अशा प्रतिमा वाचून निदान करणाऱ्या डॉक्टरांचे) प्रशिक्षण थांबवावे, कारण प्रतिमा यंत्रच अधिक चांगल्या वाचेल, असे म्हटले होते. परंतु प्रतिमा वाचणे हा त्या कामाचा एक भाग असून, निष्कर्ष रुग्णाच्या पूर्वेतिहासाशी ताडून पाहणे, इतर डॉक्टरांशी चर्चा करणे आणि निदानाची जबाबदारी घेणे हे माणसाकडेच राहिले. अनुवाद, ग्राहकसेवा आणि प्रोग्रामिंग यांत मात्र नवशिक्यांच्या वाट्याची सोपी कामेच यंत्र आधी उचलते (मला हीच बाब अधिक चिंताजनक वाटते), म्हणून यंत्राच्या उत्तरातील चूक ओळखता येईल इतके विषयज्ञान आधी मिळवा. साधने हाताळणे त्यानंतर लवकर जमते.