दहा लाख एक : मूळ की संयुक्त?

प्रश्न : मुलीनं विचारलं, १०,००,००१ ही मूळ संख्या आहे का? २ पासून ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, बाकी उरतेच. मग मूळ म्हणायची ना?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. भागाकार बरोबर आहेत, पण थांबलात लवकर. पुढचीच मूळ संख्या १०१, आणि तिनं पूर्ण भाग जातो. शोध वर्गमुळापर्यंत न्यायचा असतो. इथं वर्गमूळ हजाराच्या किंचित पुढं, म्हणजे १६८ मूळ संख्या तपासायच्या. तुमच्या झाल्या २५.

१०१ ची कसोटी तोंडी होते. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा : ०१, ००, ००, १. आळीपाळीनं अधिक-उणे करा : ०१ − ०० + ०० − १ = ०. शून्य आलं की भाग जातो.

पण एवढ्या मोठ्या संख्येला आधी भागाकार लावूच नये, तिची घडण बघावी. दहा लाख म्हणजे १०० चा घन. म्हणून ही १०० चा घन अधिक १ चा घन. शाळेतलं घनांच्या बेरजेचं सूत्र लावलं की (१०० + १) × (१०,००० − १०० + १), म्हणजेच १०१ × ९,९०१.

आता ९,९०१ मूळ आहे का? इथं खरी गंमत आहे. समजा एखादी मूळ संख्या 'प' हिला भागते. मग तीच १०,००,००१ लाही भागते, म्हणून १० चा सहावा घात 'प' ने भागल्यावर −१ उरतो आणि बाराव्या घाताला १. पहिल्यांदा १ येतो तो घात १२ चा विभाजक असतो, आणि १, २, ३ किंवा ६ व्या घाताला १ आला असता तर सहाव्याला −१ उरला नसता; म्हणून त्याआधी फक्त चौथ्या घाताला १ येण्याची शक्यता राहते. पण तसं झालं तर दुसऱ्या घाताला −१ उरतो, १०,००० − १०० + १ ची बाकी १ + १ + १ = ३ होते, म्हणजे 'प' ही ३ च असावी लागते, आणि ९,९०१ च्या अंकांची बेरीज १९, तेव्हा ३ बाद. राहिला बारावा घात. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (१० ला 'प' ने भाग जात नसेल, तर १० चा 'प वजा १' वा घात 'प' ने भागल्यावर १ उरतो) मग 'प' मधून १ वजा केल्यावर १२ ने भाग गेलाच पाहिजे. ९,९०१ चं वर्गमूळ शंभराच्या आत, त्यामुळं उमेदवार पाचच : १३, ३७, ६१, ७३, ९७. बाक्या अनुक्रमे ८, २२, १९, ४६, ७. म्हणजे ९,९०१ मूळ. मुलीकडून हे पाच भागाकार कागदावर जरूर करून घ्या.

त्याच बाराचा आणखी एक पुरावा : १ ला ९,९०१ ने भागलं की ०००१००९९९८९९ हे बारा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात.

प्रश्न : स्प्रेडशीटमध्ये १६ आकडी खाते क्रमांक टाकला की शेवटचा अंक ० होतो. का?
— लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

उत्तर : स्प्रेडशीट संख्येचे पहिले १५ अंकच जपते. खाते क्रमांकाची बेरीज-वजाबाकी करायची नसते, म्हणून तो संख्या म्हणून टाकूच नका. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग टाइप करा. किंवा क्रमांकाआधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. आधीच शून्य झालेला अंक नंतर रकाना बदलून परत येत नाही. असे क्रमांक पासबुकावरून पुन्हा भरावे लागतील.