फोनवरची ती आणि घरातली ही

*ताई, मी २९ वर्षांचा. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे, ते सांभाळतो. घर मंगळवार पेठेत, दोन खोल्या आणि वर गच्ची. लग्न बघून ठरलं, मुलगी आजऱ्याकडची. साखरपुडा ते लग्न या सहा महिन्यांत रोज रात्री दहाला मी गच्चीवर जायचो आणि तास-दीड तास फोन चालायचा. मित्रांना कधी सांगितलं नाही ते तिला सांगितलं. आता लग्नाला आठ महिने झालेत. घरात 'हं', 'बरं', 'वाढू का?' एवढंच. परवा जेवताना म्हणाली, 'इथल्या तांदळाला वासच नाही.' आईचं तोंड उतरलं. मी म्हणालो, 'जेव गुमान.' तेव्हापासून तेवढंही बोलणं नाही. ओढच राहिली नाही. एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बिलं बघणारी मुलगी आहे, तिच्याशी व्हॉट्सॲपवर बोलताना मात्र हसायला येतं. तसं काही नाही. मी चुकीच्या मुलीशी लग्न केलं का? धाकटा भाऊ समजून सांगा.*
*— गच्चीवरचा*

धाकटा म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते.

मुलगी बरोबर की चूक, याचा निकाल आठ महिन्यांत लागत नाही. पण ओढ कशी लागली आणि कुठं आटली, हे तू स्वतःच पत्रात लिहिलंयस. फक्त लिहून भरभर पुढं गेलास.

गच्चीवरचा तो तास आठव. मशिनी बंद, गल्ली निजायला आलेली, कानाला फोन आणि पलीकडं एकच माणूस. तू बोलायचास तेव्हा ती फक्त ऐकायची, ती बोलायची तेव्हा तू. आज थोडं सांगितलं, उद्या त्याहून आतलं. दोन माणसं जवळ यायला नेमकं हेच लागतं. आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या लावल्या आणि एकमेकांना विचारायला ३६ प्रश्न दिले. सुरुवातीला साधे, पुढं पुढं मनातले. दुसऱ्या जोड्यांना नुसत्या हवापाण्याच्या गप्पा दिल्या. पाऊण तासानंतर पहिल्या जोड्यांना एकमेकांबद्दल कितीतरी जास्त जवळीक वाटत होती. पाऊण तासात! तुमचे तर सहा महिने होते. तेव्हा ती ओढ खोटी होती, असं अजिबात समजू नकोस.

पण ती अर्धीच होती. समोर चेहरा नसला, की माणूस गाळलेल्या जागा आपल्या पसंतीनं भरतो. जोसेफ वॉल्थर या अभ्यासकानं १९९६ सालीच हे मांडलं होतं. नुसत्या लिहिण्यातून जुळलेली माणसं कधी कधी समोरासमोर भेटणाऱ्यांपेक्षाही जवळची वाटतात, कारण दोघंही स्वतःचं चांगलं तेच पुढं करतात आणि समोरच्याला थोडं रंगवून बघतात. तो बोलत होता कॉम्प्युटरवरच्या निरोपांबद्दल, पण रात्री दहाच्या फोनलाही ते लागू पडतं. दमलेली, चिडलेली, केस बांधायला सवड नसलेली ती तुला फोनवर कधी दिसली नाही. वर्कशॉपातून तेलकट हातांनी आलेला, घुश्शात टीव्ही लावून बसणारा तू तिलाही दिसला नाहीस.

मग लग्न झालं आणि तुम्ही दोघांनी मिळून काय केलं असेल, तर तो तास बंद केला. एका घरात आलो, आता फोन कशाला! बरोबरच आहे. पण फोनच्या जागी काय आलं? दोन खोल्या, आई-वडील, भिंतीपलीकडं शेजारी. अशा घरात नवी सून मोठ्यानं हसली तरी चौकशी होते. तू सकाळी जातोस, रात्री येतोस. येतोस तेव्हा ती स्वयंपाकात, आणि स्वयंपाक झाला की सगळे ताटावर. तिनं तुझ्याशी बोलायचं ते कधी आणि कुठं, एवढं मला सांग.

'ती बदलली' असा तुझ्या पत्राचा सूर आहे. भावा, तुझं काय बदललं? तीच पेठ, तीच आई, तेच वर्कशॉप, सकाळचा चहासुद्धा त्याच कपातला असेल. तिचं गाव बदललं, माणसं बदलली, उठायची वेळ बदलली. लग्नाआधी ती काय करत होती, नोकरी का शिक्षण, यावर एक ओळ नाही तुझ्या पत्रात. आता दिवसभर काय करते, त्यावरही नाही.

आता त्या भाताकडं येऊ, कारण माझ्या मते सगळं पत्र तिथंच आहे. आजऱ्याकडची पोरगी घनसाळ खाऊन वाढलेली. तो तांदूळ शिजायला लागला की वास अंगणापर्यंत येतो. ती म्हणाली, इथल्या तांदळाला वास नाही. तुझ्या आईला वाटलं, आपल्या स्वयंपाकाला नाव ठेवलं. तुला वाटलं, आईचा अपमान झाला. तिला घर आठवत होतं, हे ताटावरच्या एकालाही सुचलं नाही. चार माणसांत तेवढंच एक वाक्य तिला मनातलं बोलता आलं, तेही तांदळाच्या आडून. तेच वाक्य फोनवर आलं असतं, तर 'का गं, गावची आठवण येते काय?' असं तूच विचारलं असतंस.

जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत सिॲटलला नव्या जोडप्यांच्या अशाच बारीकसारीक बोलण्याचा अभ्यास केला. एकानं काहीतरी म्हणायचं, 'बघ, पाऊस आला' इतकंही साधं, आणि दुसऱ्यानं मान वर करायची की नाही. सहा वर्षांनी पाहिलं तर जी जोडपी टिकली होती, ती सुरुवातीला अशा शंभरातल्या ८६ वेळा एकमेकांकडं वळलेली होती. जी मोडली, ती ३३ वेळा. आता हे आकडे घेऊन घरात गुणपत्रिका भरत बसू नकोस, ती जोडपी तिकडची आणि संसारही तिकडचे. पण 'जेव गुमान' कुठल्या रकान्यात जातं, ते कळायला सिॲटलला जायची गरज नाही.

तर आधी त्या वाक्याची माफी माग. एकांतात, आणि 'पण आईला वाईट वाटलं ना' हे शेपूट न जोडता. घनसाळ आणायचा असेल तर एकदम पोतं आणून स्वयंपाकघरात टाकू नकोस, आईला ती दुसरी चपराक वाटेल. आईलाच म्हण, 'या रविवारी पांढरा रस्सा तुझ्या हातचा आणि भात हिच्याकडचा.' कोल्हापुरात रश्शावरून भांडण मिटल्याची उदाहरणं मला ठाऊक आहेत.

मग गच्ची. तीच, रात्री दहाचीच. रोज अर्धा तास दोघांनी वर जायचं, फोन खाली ठेवून. आईच्या भुवया उंचावतील, तेव्हा तूच सरळ सांग की आम्ही वर बसतोय. हे तिला सांगायला लावू नकोस. पहिले काही दिवस ती गप्प बसेल. 'बोलत का नाहीस' म्हणून उलटतपासणी घेऊ नकोस. तू आधी बोल. उधारी थकलीय, वडिलांशी पटत नाही, जे असेल ते. फोनवर सुरुवात तूच करत होतास, असं पत्रावरून दिसतं.

सुट्टीच्या दिवशी रंकाळ्यावर भेळ खाऊन या, चांगलंच आहे, पण तिथं निम्मी पेठ भेटते. त्यापेक्षा दोघांनाही नवं असलेलं काहीतरी करा. ॲरन मंडळींनी पुढं २००० साली हेही दाखवलं, की जोडप्यांनी सात मिनिटांचा एखादा नवा, धडपडीचा खेळ जरी मिळून खेळला, तरी त्यांना आपलं नातं आधीपेक्षा बरं वाटायला लागतं. माझं ऐकशील तर तिला एकदा वर्कशॉपात ने. ज्या मशीनच्या तक्रारी तिनं सहा महिने ऐकल्या, ते मशीन तिनं पाहिलंय का? चालू करायला दे तिला. दुपारी कामगार जेवायला गेले की ने, म्हणजे तुलाही संकोच नको.

आता ते 'तसं काही नाही'. नसेलच, मी विश्वास ठेवते. पण बिलं बघणारी ती मुलगीसुद्धा फोनवरचीच आहे, हे लक्षात घे. तिलाही तुझे दिवसातले चांगले दहा मिनिटं मिळतात आणि तुला तिचे. तिला तुझ्या घरी आठ महिने ठेवली, तर तीही 'वाढू का?' एवढंच विचारेल. ते मेसेज बायकोच्या हातात बिनधास्त देता येतील का, हे स्वतःला विचार. देता येत नसतील तर बिलाचं बोलणं बिलापुरतं ठेव, तेही कामाच्या वेळेत. आणि हे आजपासून कर, गच्चीचं जमेपर्यंत थांबू नकोस. एक दार उघडं ठेवून दुसरं ठोठावलंस, तर तुझा जीव उघड्या दाराकडंच राहील.

गच्चीवर ती काय सांगेल, ते मला इथं बसून सांगता येणार नाही. कदाचित घरचं असेल, कदाचित तुझं. लग्न तिच्या मनासारखं झालं नव्हतं, असंही निघू शकतं. जे निघेल ते खोडायला जाऊ नकोस, निदान त्या रात्री तरी. ती नीट जेवत नसेल, झोपत नसेल, उगाच रडू येत असेल, तर मात्र ते रुसव्यावर ढकलू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि तो नंबर तिच्यापुरताच नाही. तुलाही लावता येईल.