बारा हजारांचा सल्ला आणि फुकटचा सल्ला

फोंडा, रविवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

वेर्ण्याच्या नोकरीला वर्ष झालं आणि दोन लाख गाठीला लागले, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेले दोन्ही कागद काल सोप्यावर बसून वाचले. बँकेतला माणूस सल्ल्याचे काही घेत नाही, पणजीचा सल्लागार वर्षाला १२,००० मागतो. मग बँकेचंच ऐकू का, असं तुझं विचारणं.

बाळा, बँकवाल्यालाही पैसे तूच देणार आहेस, फक्त त्याची पावती हातात येणार नाही. तो म्युच्युअल फंडाचा वितरक आहे. त्याने सुचवलेली योजना रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घ्यायची आहे. तीच योजना डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवाय थेट फंडाकडूनही मिळते, जानेवारी २०१३ पासून ती सोय आहे. फंड तोच, शेअर तेच. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन योजनेच्या खर्चात धरलेलं असतं आणि रोज चिमूट-चिमूट एनएव्हीतून, म्हणजे योजनेच्या एका युनिटच्या किमतीतून कापलं जातं. दोन्हींचा एक्स्पेन्स रेशो, म्हणजे वर्षाच्या खर्चाची टक्केवारी, शेजारी-शेजारी ठेवून बघ. तुझ्या कागदावरच्या योजनेत फरक ०.८ टक्के आहे.

आता टक्के सोड, रुपये मोज. दोन लाखांवर ०.८ टक्के म्हणजे वर्षाला १,६०० रुपये. सल्लागाराचे १२,००० म्हणजे तुझ्या पुंजीचे सहा टक्के! आज महाग सल्लागारच आहे. रक्कम १५ लाखांवर गेली की दोघे बरोबरीला येतील, आणि त्यापुढे कमिशन पुंजीबरोबर फुगत जाईल. १० लाख वीस वर्षं १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे ६७ लाख होतात, ९ टक्क्यांनी ५६ लाख. एका टक्क्यात अकरा लाख जातात. म्हणून हा हिशेब दरवर्षी नव्याने मांडायचा. बाजार पडल्यावर फोन उचलून धीर देणारा वितरक आपलं कमिशन कमावतोच, हेही मी मानतो.

माझी झोप उडाली ती बँकेच्या कागदातल्या तिसऱ्या ओळीने. 'वर्षाला ६०,००० ची पॉलिसी, बचतही आणि विमाही.'

मी निवृत्त झालो तेव्हा ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन असाच एका टेबलासमोर बसलो होतो. "सर, एफडीसारखंच आहे, व्याज जास्त." फॉर्मवर पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या, फुली दिसेल तिथे सही करत गेलो, एक ओळ वाचली नाही. पुढच्या चवथीच्या आधी टपाल आलं: दुसरा हप्ता भरा. माझ्या पेन्शनमध्ये तो बसणारा नव्हता. पॉलिसी सोडली, तेव्हा भरलेल्यातलं निम्मंही हाती आलं नाही. घरी सांगायला मला दोन दिवस लागले.

अशा पॉलिसीत पहिल्या वर्षाचं कमिशन भरघोस असतं, म्हणून ती आग्रहाने पुढे सरकवली जाते. तुझ्यावर आज कुणी अवलंबून नाही. उद्या असेल तेव्हा साधा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा घे, बचत वेगळी ठेव.

पणजीच्या सल्लागाराला एवढंच विचार: वार्षिक करार नको, एकदाच आराखडा करून देण्याचे किती घ्याल? त्याचा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नोंदणी क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो का, ते सेबीच्या यादीत तपास. वितरकाचा असतो तो एआरएन, दोन्हींत गल्लत करू नकोस. नोंदणीकृत सल्लागाराला तुझ्याकडून फी आणि फंडाकडून कमिशन, असं दोन्ही घेता येत नाही. फी रोखीने मागितली किंवा परताव्याची हमी दिली, तर तिथूनच उठ. गुंतवणुकीचा पैसा थेट फंडाच्या नावे जातो, सल्लागाराच्या खात्यात कधीही नाही. आणि दोघांकडूनही लिहून घे: हीच योजना मला का? बँकवाला काय लिहून देतो, हे बघायची मला फार उत्सुकता आहे.

येत्या रविवारी सकाळी ये, दोन्ही कागद घेऊन. तोवर पॉलिसीवर सही नको. केली असलीस तर न लाजता आजच फोन कर. पॉलिसी हातात पडल्यापासून ती परत करायला ३० दिवस मिळतात, अर्ज मी बसून लिहून देतो.

तुझे,
सर