दही फुगत नाही, पीठ मात्र फुगते

प्रश्न : विरजलेले दही आंबते, पण फुगत नाही, इडलीचे पीठ मात्र रात्रीतून भांड्याबाहेर येते. दोन्हींत लॅक्टिक आम्ल तयार करणारेच जीवाणू असतात, तर हा फरक का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : हे जीवाणू साखर फोडतात, पण सगळे एकाच वाटेने नव्हे. दह्यातील बहुतेक जीवाणू दुधातील लॅक्टोज पेशीत ओढून घेतात आणि त्यातून मिळालेल्या ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूचे, म्हणजे सहा कार्बन अणूंचे, दोन समान भाग करून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू बनवतात. कार्बनचा एकही अणू वायुरूपाने निसटत नाही, मग बुडबुडे येणार कोठून? इडलीच्या पिठात ल्यूकोनोस्टॉक हा जीवाणू प्रमुख असतो. ग्लुकोजचे असे दोन भाग करण्यासाठी लागणारे एक महत्त्वाचे विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नसल्यामुळे तो एक कार्बन आधीच कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने काढून टाकतो, आणि उरलेल्या पाचांपासून लॅक्टिक आम्लाचा एक व अल्कोहोल किंवा ॲसेटिक आम्लाचा एक रेणू तयार करतो. वाटलेल्या उडदाच्या चिकटपणात तो वायू अडकतो आणि पीठ वर येते. (सोडा घालून फुगवलेल्या पिठाची गोष्ट अर्थातच निराळी.)

जीवाणूला मात्र आम्ल नव्हे, ऊर्जा हवी असते. साखर फुटताना निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी नावाचा वाहक उचलतो, आणि तो रिकामा झाल्याखेरीज पुढचा रेणू फुटू शकत नाही. हे ओझे साखर फुटून तयार झालेल्या पायरुविक आम्लावर उतरवले की लॅक्टिक आम्ल बनते. या खटाटोपातून एका ग्लुकोजमागे दह्यातल्या जीवाणूला एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, दोनच रेणू मिळतात, ल्यूकोनोस्टॉकला अल्कोहोलच्या वाटेने तर एकच. ऑक्सिजन वापरणाऱ्या पेशीला सुमारे तीस मिळतात. त्यामुळे थोड्याशा वाढीसाठीही या जीवाणूंना भरपूर साखर फस्त करावी लागते. दह्यात ही साखर बहुतेक सगळी आम्ल होऊन बाहेर पडते. पेशी बांधण्याचा माल, म्हणजे अमिनो आम्ले, मुख्यतः दुधातील प्रथिने फोडून मिळवावा लागतो. साचलेल्या आम्लामुळे सामू (pH) ४.६ च्या आसपास उतरला की केसीन हे दुधातील मुख्य प्रथिन गोठते, आणि त्याच आम्लामुळे पुढे जीवाणूंची वाढही मंदावते. म्हणून दह्यात बरेचसे लॅक्टोज शिल्लक राहते.

दह्यात भरपूर बुडबुडे दिसलेच, तर त्यात यीस्ट किंवा दुसरा एखादा जीवाणू शिरलेला असण्याची शक्यता अधिक. ते दही विरजणासाठी ठेवू नये.